गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर : एक माता, एक गुरू

गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव आज वर्षातील बहुतेक महिने पाण्याखाली असते. साळावली धरणाच्या जलाशयात १९८६ साली ते बुडाले. तेथील सुमारे तीन हजार लोकांना आपली घरे, कुळागरे आणि देवळे सोडून अन्यत्र वस्ती करावी लागली. मे महिन्यात पाणी ओसरले की पडक्या भिंती, वाटा आणि सोमेश्वराचे देऊळ पुन्हा दिसू लागते, विखुरलेले गावकरी तेथे जमतात, पूजाअर्चा करतात आणि पावसाळा आला की गाव पुन्हा दिसेनासे होते. या गावाचे नाव मात्र बुडाले नाही. भारतात जेथे जेथे अभिजात संगीत ऐकले जाते तेथे तेथे ते आदराने उच्चारले जाते, याचे कारण १५ जुलै १९०४ रोजी त्या गावी जन्मलेली एक कन्या. मोगूबाई कुर्डीकर हे तिचे नाव.

मोगूबाईंच्या आई जयश्रीबाई. त्या काळच्या गोव्यात देवालयांशी निगडित असलेल्या कलावंत समाजात गाणे हीच स्त्रियांची विद्या आणि तीच उपजीविका असे. विद्येला मान होता, पण ती धारण करणाऱ्या स्त्रीला समाज तो मान देण्यास तयार नव्हता. या विसंगतीचे चटके मोगूबाईंनी पुढे आयुष्यभर सोसले. आपल्या मुलीने मोठी गायिका व्हावे ही जयश्रीबाईंची एकच आकांक्षा होती. त्यासाठी त्यांनी लहानग्या मोगूला जांबावलीच्या देवस्थानी नेले आणि एका हरिदासाकडून भजने शिकण्याची व्यवस्था केली. तेवढ्याने भागणार नाही हे ओळखून त्यांनी तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या फिरत्या नाटक कंपनीत दाखल केले. मुलीचे शिक्षण मार्गी लागते न लागते तोच १९१४ साली जयश्रीबाईंचे निधन झाले. मोगू तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. आईच्या मायेचे छत्र गेले आणि मागे उरली ती आईची इच्छा. तीच तिने आपली दीक्षा मानली.

पुढे ती नाटक कंपनीही बुडाली. मोगूला सातारकर स्त्री संगीत मंडळीत आश्रय मिळाला. मराठी रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीपार्ट करण्याचा तो काळ. अशा वेळी सर्व भूमिका स्त्रियाच करीत अशा या मंडळ्या म्हणजे एक निराळे जग होते. तेथे तिने संगीत सौभद्रातील सुभद्रा आणि पुण्यप्रभाव नाटकातील किंकिणी या भूमिका केल्या. चिंतूबुवा गुरव यांच्याकडे नाट्यसंगीताचे पाठ घेतले, नृत्याचेही शिक्षण घेतले. गोड गळा आणि तालाची उपजत जाण यांमुळे नाव होऊ लागले होते. परंतु कंपनीतील एका ज्येष्ठ नटीशी मतभेद झाले आणि पंधराव्या वर्षाच्या आतच तिला तेही स्थान सोडावे लागले. आई नाही, घर नाही, कंपनी नाही, अशी ही अवस्था. एवढ्यावर एखादी मुलगी खचून गेली असती. मोगूबाईंची प्रकृतीही खालावली आणि औषधोपचारासाठी १९१९ च्या सुमारास त्या सांगलीस आल्या.

सांगली हे आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील जैन बांधवांचे जिव्हाळ्याचे गाव. वैद्यकीसाठी आणि नाट्यकलेसाठी ते तेव्हाही प्रसिद्ध होते. तेथील नामवंत वैद्य आबासाहेब सांबारे यांची औषधे घेण्यासाठी त्या दिवसांत आणखी एक थोर व्यक्ती सांगलीत आलेली होती. ते होते कोल्हापूर दरबारचे गायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या पदरी असलेल्या या उस्तादांनी तारुण्यात अतिश्रमाने आवाज गमावला होता आणि अपार मेहनतीने तो पुन्हा घडवून गायनाची एक नवीच रीत निर्माण केली होती. येताजाता रस्त्यावरून त्यांच्या कानी एका मुलीच्या रियाजाचे सूर पडत. एके दिवशी ते त्या घरी आले आणि तिला गाण्यास सांगितले. मुलगी गायली. त्यानंतर खाँसाहेबांनी आपण होऊन तिला शिकविण्यास प्रारंभ केला. ज्यांच्याकडे गंडा बांधावा म्हणून राजेरजवाड्यांचे वशिले लागत, ते उस्ताद एका निराधार मुलीच्या दारी चालत आले. औषधासाठी केलेला प्रवास असा विद्येच्या कारणी लागला.

या घटनेचे मोल समजण्यासाठी घराण्याची विद्या म्हणजे काय हे जाणून घेतले पाहिजे. ती ग्रंथात नसते. बंदिशीचे शब्द वहीत उतरून घेता येतात, पण सूर कोठे किती रेंगाळावा, तानेचे वळण कसे फिरावे, समेवर कसे यावे, हे गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी आणि तेथून कंठात उतरावे लागते. आपल्या परंपरेत याचे एक ठळक उदाहरण आहे. गिरनारच्या गुंफेत आचार्य धरसेनांनी, आपल्यानंतर श्रुतज्ञान लोप पावेल या चिंतेने, पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून घेतले आणि त्यांना ते ज्ञान दिले. त्यांनी ते ग्रंथबद्ध केले म्हणून आपण आजही श्रुतपंचमी साजरी करतो. संगीताला तसा ग्रंथ लाभला नाही. गुरूने मुख मिटले की शिष्यासाठी दार बंद होते, आणि मोगूबाईंच्या बाबतीत हे दार एकदा नव्हे, अनेकदा बंद झाले.

अल्लादियाखाँ मुंबईस वास्तव्यास गेले. मोगूबाई १९२२ च्या सुमारास त्यांच्यामागून मुंबईत आल्या. पण सांगलीत जे सहज मिळाले ते मुंबईत मिळेना. त्या काळी मोठ्या उस्तादांचा चरितार्थ धनिक आश्रयदात्यांवर चाले आणि आपल्या मर्जीतील शिष्येखेरीज इतरांस ही विद्या देऊ नये असा त्यांचा आग्रह असे. गुरूची इच्छा असूनही गुरू शिकवू शकत नाहीत, असा हा विचित्र पेच होता. नाइलाजाने मोगूबाईंनी आग्रा घराण्याचे उस्ताद विलायत हुसेनखाँ यांच्याकडे शिक्षण सुरू केले. आपण घातलेल्या पायावर दुसऱ्या घराण्याची इमारत उभी राहावी हे अल्लादियाखाँना रुचले नाही. त्यांनी आपले धाकटे बंधू हैदरखाँ यांच्याकडे मोगूबाईंच्या तालमीची सोय करून दिली. ही तालीम काही वर्षे उत्तम चालली. पुढे तीही थांबली. मोगूबाई पुन्हा एकट्या पडल्या. अखेर १९३४ च्या सुमारास अल्लादियाखाँनी त्यांचा रीतसर गंडा बांधला आणि १६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत ही तालीम चालू राहिली. सांगलीतील त्या पहिल्या दिवसापासून गंडाबंधनापर्यंत सुमारे पंधरा वर्षे लोटली होती. गुरू एक धर्माचे, शिष्या दुसऱ्या धर्माची, ही गोष्ट दोघांपैकी कोणाच्याही मनात कधी आडवी आली नाही, हे आजच्या काळात मुद्दाम सांगावेसे वाटते.

या पंधरा वर्षांत मोगूबाईंचा संसारही उभा राहिला होता. माधवदास भाटिया हे त्यांचे पती. त्यांना तीन अपत्ये झाली. थोरली किशोरी. किशोरी सात वर्षांची असतानाच माधवदासांचे निधन झाले आणि तीन लेकरांचा भार एकट्या मोगूबाईंवर आला. त्या तेव्हा पस्तिशीच्या आसपास होत्या. गाण्याखेरीज उत्पन्नाचे दुसरे साधन नव्हते. म्हणून मैफली करावयाच्या, शिकवण्या घ्यावयाच्या, घर चालवावयाचे, मुलांचे शिक्षण पाहावयाचे आणि या सर्वांतून स्वतःची तालीम व रियाज सांभाळावयाचा, असा त्यांचा दिनक्रम झाला. मुले त्यांना माई म्हणत. पुढे शिष्यवर्गही त्यांना माई म्हणूनच ओळखू लागला.

स्त्री कलावंताला त्या काळी मैफलीत कशी वागणूक मिळे याचे वर्णन पुढे किशोरीताईंनी अनेकदा केले आहे. त्या लहानपणी आईच्या मागे तानपुऱ्यावर बसत आणि तिच्याबरोबर गावोगाव जात. प्रवास रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचा. मुक्काम कोणाच्या तरी घरी, मिळेल त्या जागेत. बिदागी तुटपुंजी. पुरुष गवयांसाठी जी आस्था दाखविली जाई ती या विधवा मातेच्या वाट्याला येत नसे. माई हे सर्व निमूटपणे सोसत, कारण घरी तीन तोंडे वाट पाहत होती. पण एकदा स्वर लावला की त्या गाण्यात कोणतीही तडजोड करीत नसत. श्रोत्यांना काय आवडेल याचा विचार त्यांनी गाताना केला नाही. मागे बसलेल्या मुलीने दोन्ही गोष्टी पाहिल्या, अपमान आणि गाणे. पुढे किशोरीताई मोठ्या झाल्यावर आयोजकांशी वागताना अत्यंत काटेकोर असत, कलावंताच्या मानात तिळमात्र उणे खपवून घेत नसत. अनेकांनी त्याला अहंकार म्हटले. ज्यांना माईंचे तिसऱ्या वर्गाचे प्रवास ठाऊक होते त्यांनी तसे म्हटले नाही.

मोगूबाईंच्या गायनाबद्दल जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. जयपूर-अत्रौली गायकी ही मुळात अवघड. तिच्यात आकाराला महत्त्व, दमसास लांब, तानांची रचना गुंतागुंतीची आणि तरीही प्रत्येक तान लयीच्या अंगाने चालणारी. दोन रागांच्या मिश्रणातून सिद्ध झालेले जोडराग, इतरत्र क्वचित ऐकू येणारे अनवट राग, हे या घराण्याचे खास धन. ते मोगूबाईंकडे भरपूर होते. त्याहूनही त्यांचे वैशिष्ट्य मानले जाई ते लयीवरील प्रभुत्व. विलंबित लयीत आवर्तनाचा प्रत्येक अंश भरीत, बोलांना हिसका न देता, श्रोत्याला कळण्यापूर्वीच त्या समेवर येत. आवाज फार मोठा नव्हता. पण त्यात निर्मळपणा होता, आणि ज्याला पवित्र म्हणावे असा भाव होता. दिखाऊपणा त्यांच्या गाण्यात नव्हता, तसा राहणीतही नव्हता. गानतपस्विनी ही पदवी रसिकांनी त्यांना दिली. व्रतात सातत्य असते, त्याचे प्रदर्शन नसते. त्या अर्थाने ही पदवी त्यांना शोभून दिसली.

आई आणि गुरू ही दोन नाती एकाच व्यक्तीत असणे सोपे नसते. किशोरीला शिकविताना माई आई राहत नसत. आईचा हात मुलीच्या चुकांवर पांघरूण घालतो, गुरूचा हात ते काढून टाकतो. बंदिशीची स्थायी त्या दोनदा म्हणून दाखवीत, अंतराही दोनदा. तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात ती बारकाव्यांसह उचलता आली पाहिजे. कठोर वाटेल अशी ही शिस्त होती, आणि एका पोरक्या झालेल्या मुलीवर ती लादणे काहींना निष्ठुरपणाचेही वाटेल. पण यामुळे किशोरीचे कान तीक्ष्ण झाले, अवधान एकाग्र झाले. ज्या स्त्रीला एकेका तानेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले होते तिला विद्या हलक्या हाती घेतलेली सहन होणे शक्य नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

माईंचे मोठेपण याच्याही पलीकडचे आहे. आपल्याला जे येते तेवढ्यावरच मुलीने थांबावे असे त्यांनी मानले नाही. भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडे त्यांनी किशोरीला शिकण्यास पाठविले. आग्रा घराण्याच्या उस्तादांचीही तालीम तिला मिळवून दिली. स्वतः आग्रा घराण्याची तालीम घेतली म्हणून ज्यांच्या गुरूंना एकदा वाईट वाटले होते, त्यांनीच आपल्या मुलीसाठी दुसऱ्या घराण्याची दारे आपल्या हाताने उघडली. घराण्याचा अभिमान त्यांना होता, तो मात्र कुंपणासारखा नव्हता.

मर्यादा मात्र एका ठिकाणी होती. व्ही. शांताराम यांच्या १९६४ सालच्या गीत गाया पत्थरों ने या चित्रपटासाठी किशोरीताईंनी पार्श्वगायन केले. माईंना ते मुळीच रुचले नाही. चित्रपटात गात राहणार असशील तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावू नकोस, अशा आशयाची ताकीद त्यांनी दिली, असे किशोरीताईच सांगत. मुलीला पैसा आणि प्रसिद्धी मिळत असताना कोणत्या आईने असे म्हटले असते? स्वतः नाटक कंपनीच्या रंगमंचावर वाढलेल्या मोगूबाईंना लोकरंजनाचे सामर्थ्यही ठाऊक होते आणि त्याची ओढही. किशोरीताईंनी चित्रपट सोडला. १९९० साली गोविंद निहलानी यांच्या दृष्टी या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले, पण तोवर त्यांचे गायन स्वतःच्या बळावर उभे होते.

आणि ते आईच्या गायनाची प्रतिकृती नव्हते. किशोरीताईंनी रागाच्या भावाचा शोध घेत घराण्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले, आलापाला निराळा विस्तार दिला, लयीचा कडक बंध काही ठिकाणी सैल केला. घराण्याच्या काही अभिमान्यांनी नाके मुरडली. अशा वेळी सर्वांत जास्त दुखावण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो मोगूबाईंना होता. त्यांचे स्वतःचे गाणे शेवटपर्यंत अल्लादियाखाँनी दिलेल्या वाटेवरूनच चालले. मुलगी त्या वाटेवरून दूर जाताना त्यांनी पाहिली आणि तरीही तिची तालीम, तिला दिलेले संस्कार मागे घेतले नाहीत. शिष्य आपल्यासारखा व्हावा ही गुरूची सर्वांत मोठी आसक्ती असते. तिच्यावर विजय मिळविणे हा अपरिग्रहच म्हटला पाहिजे, आणि तो धनाच्या अपरिग्रहाहून सोपा नाही.

मोगूबाईंनी विद्या केवळ मुलीपुरती ठेवली नाही. ज्यांना एके काळी इतरांच्या अटींमुळे दाराबाहेर थांबावे लागले त्यांनी आपले दार अनेकांना उघडे ठेवले. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, सुहासिनी मुळगावकर, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर, अरुण द्रविड ही त्यांच्या शिष्यवर्गातील काही नावे. यांतील कोणी मैफली गाजविल्या, कोणी अध्यापनात आयुष्य घालविले, कोणी नोकरी-व्यवसाय सांभाळून विद्या जतन केली. स्त्रिया होत्या तसे पुरुषही होते. शास्त्रशुद्ध तालीम हवी तर माईंकडे जावे, असा मुंबईत त्यांचा लौकिक होता. जयपूर घराण्याच्या अनेक बंदिशी व अनवट राग आज सुरक्षित आहेत, त्यात या शिकवणीचा वाटा फार मोठा आहे.

मानसन्मान उशिरा आले. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. तेरा वर्षांनी, १९८७ मध्ये, तोच किताब किशोरीताईंना मिळाला आणि आईला तो सोहळा पाहता आला. आई आणि मुलगी दोघींनाही संगीतासाठी एकच राष्ट्रीय सन्मान लाभावा, हे दृश्य क्वचितच पाहावयास मिळते. ज्या स्त्रीला बैठकीनंतर मुक्कामाला धड खोली मिळत नसे तिच्या घरी दोन पद्मभूषणे आली.

उतारवयात मोगूबाईंनी जाहीर मैफली जवळजवळ सोडल्या. घर, स्वतःचा रियाज आणि शिष्यांची तालीम एवढेच त्यांचे विश्व राहिले. नातवंडे अंगाखांद्यावर खेळली. कुर्डी गाव पाण्याखाली गेले तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशीच्या घरात होते. जन्मभूमीचे घर गेले, तरी नावापुढील कुर्डीकर हे आडनाव तसेच राहिले.

१० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत मोगूबाईंचे निधन झाले. त्यांचे वय शहाण्णव वर्षांचे होते. त्यांच्या आयुष्यातील सुमारे ऐंशी वर्षे संगीताच्या शिक्षणात आणि शिकविण्यात गेली. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, किशोरीताईंना पद्मविभूषण हा किताब जाहीर झाला. तो पाहण्यास माई नव्हत्या. किशोरीताईंनी ३ एप्रिल २०१७ रोजी जगाचा निरोप घेतला. त्यांनीही अखेरपर्यंत शिष्य घडविले, आणि त्या शिष्यांच्या कंठात अल्लादियाखाँनी सांगलीत एका निराधार मुलीला दिलेले स्वर आजही ऐकू येतात.